कडू साल, जुनी गोळी आणि आपलं वय

मंडळी, 'ॲस्प्रो' हे नाव ज्यांना आठवतं ते बहुतेक सगळे आता साठीच्या पुढचे असणार! डोकं दुखलं, अंग कसकसलं, की ती पांढरी गोळी घ्यायची. आमच्या घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात अमृतांजनाच्या बाटलीजवळ तिची जागा ठरलेली असे. ॲस्प्रो म्हणजेच ॲस्पिरिन, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि ती मूळची ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची, हे तर अगदी अलीकडे वाचनात आलं. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मनीहून येणारं ॲस्पिरिन बंद पडलं. तेव्हा मेलबर्नमधले एक औषधविक्रेते जॉर्ज निकोलस यांनी ते स्वतः बनवण्याचा खटाटोप केला. १९१७ पासून त्यांची गोळी ॲस्प्रो या नावाने विकली जाऊ लागली. मेलबर्न हे नाव लक्षात ठेवा, या गोष्टीत ते पुन्हा यायचं आहे.

मी बत्तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवला. विज्ञानाशी माझा संबंध म्हणाल तर विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा वर्ग शांत ठेवण्यापुरता! तरीही हे सगळं लिहायला बसले आहे, त्याला कारण आहे. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप आला. 'रोज एक ॲस्पिरिन घ्या, आतड्याचा कॅन्सर होणार नाही, शिवाय शरीराचं वय उलटं फिरेल.' खाली हात जोडलेली चित्रं आणि 'दहा जणांना पाठवा'. एरवी मी असले निरोप पुसून टाकते. पण दुसऱ्याच दिवशी मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या पुतण्याचा फोन आला. "काकू, तुम्ही वाचत असता म्हणून विचारतो, मी ही गोळी सुरू करू का?"

त्याचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले दीर, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. १९९७ साली. वय वर्षं चोपन्न. शौचावाटे रक्त पडत होतं, पण सगळ्यांनी ते मूळव्याधीवर ढकललं आणि त्यात जवळजवळ वर्ष गेलं. पुतण्या तेव्हा बारावीत होता. आज तो सेहेचाळीस वर्षांचा आहे.

मी डॉक्टर नाही हे त्याला सांगितलं. पण इतिहासाच्या शिक्षिकेकडे एक हत्यार असतं, सनावळीचं. कोणी, कधी, कुठे, किती माणसांवर पाहिलं, हे ओळीने मांडलं की पुष्कळदा गोष्टीतला सोनं किती आणि मुलामा किती ते दिसू लागतं. ते मांडून पाहिलं. तेच इथे देते.

सुरुवात इंग्लंडातल्या चिपिंग नॉर्टन या गावी. तिथले एक पाद्री, रेव्हरंड एडवर्ड स्टोन, यांनी १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवलं. विलोच्या झाडाची साल त्यांनी चाखून पाहिली होती आणि ती कमालीची कडू लागली होती. त्या काळी थंडीतापावर सिंकोनाची साल देत (हिच्यातूनच पुढे आपलं कोयनेल आलं). ती परदेशातून यायची, महाग पडायची. स्टोनसाहेबांना वाटलं, चव सारखी तर गुणही सारखा असेल. शिवाय थंडीताप दलदलीच्या जागी होतो आणि विलोही दलदलीच्याच जागी वाढतो, तेव्हा देवाने रोगाच्या शेजारीच औषध ठेवलं असणार! तर्क दोन्ही लंगडेच. पण त्यांनी पुढे जे केलं ते मोलाचं. साल तीन महिन्यांहून जास्त दिवस भट्टीच्या उबेला वाळवली, कुटून पूड केली आणि पाच वर्षांत सुमारे पन्नास आजारी माणसांना देऊन काय होतं ते पाहिलं. ताप उतरत होता. तेच त्यांनी कळवलं. गंमत म्हणजे सोसायटीच्या ग्रंथात त्यांचं नाव एडमंड असं चुकीचं छापलं गेलं.

विलो म्हणजे काय, असा प्रश्न पडला असेल तर क्रिकेटची बॅट डोळ्यांसमोर आणा. आणि आपल्याकडे नदी-ओढ्यांच्या काठी जे वाळुंज नावाचं झाड असतं, तेही याच कुळातलं.

पुढचं शतक रसायनवाल्यांचं. १८२८ मध्ये म्युनिचच्या बुखनर यांनी सालीतून कडू पिवळा पदार्थ वेगळा काढला, त्याला सॅलिसिन म्हणतात. १८३८ मध्ये पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवलं. १८७६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे डॉक्टर मॅक्लॅगन यांनी सांधे सुजवणाऱ्या तापावर सॅलिसिन गुणकारी ठरतं असं प्रसिद्ध केलं. औषध लागू पडत होतं, पण पोटाचे फार हाल करत होतं. मळमळ, जळजळ, उलट्या. दुखणं परवडलं पण औषध नको, अशी गत!

हा त्रास कमी करण्याचा मान जातो जर्मनीतल्या बायर या कंपनीला. मूळची ही रंग बनवणारी कंपनी. तिथल्या फेलिक्स हॉफमन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १० ऑगस्ट १८९७ रोजी ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध रूपात तयार केल्याची नोंद वहीत आहे. (अशुद्ध रूपात ते १८५३ मध्येच फ्रान्सच्या गेरहार्ट यांनी केलं होतं.) त्याच महिन्यात त्याच हॉफमनने आणखी एक पदार्थ तयार केला, हेरॉइन! एकाच माणसाच्या हातून अकरा दिवसांच्या अंतराने या दोन गोष्टी. १८९९ मध्ये 'ॲस्पिरिन' हे नाव नोंदलं गेलं. 'ॲ' ॲसिटिलचा आणि 'स्पिर' स्पायरिया या फुलझाडाचा, कारण हे आम्ल त्याही झाडात मिळतं.

आपल्या वडिलांच्या संधिवातासाठी हॉफमनने हा शोध लावला, अशी एक हळवी कथा सांगतात. ती छापून आली १९३४ मध्ये, म्हणजे शोधानंतर सदतीस वर्षांनी. आर्थर आइखेनग्रून नावाचे दुसरे एक रसायनशास्त्रज्ञ त्याच कंपनीत होते. हे काम आपल्या सांगण्यावरून झालं, असं त्यांचं म्हणणं. पण ते ज्यू होते, आणि १९३४ चा जर्मनी म्हणजे हिटलरचा जर्मनी. १९४४ मध्ये त्यांना टेरेझिनच्या छळछावणीत टाकलं गेलं. तिथून ते जिवंत सुटले, १९४९ मध्ये आपली बाजू लिहून प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी वारले. पुढे २००० साली वॉल्टर स्नेडर या स्कॉटिश संशोधकाने जुनी कागदपत्रं तपासून आइखेनग्रून यांची बाजू उचलून धरली. कंपनीला ती मान्य नाही. मी वर्गात नेहमी सांगायचे, गोष्ट कोणी सांगितली याच्याबरोबर ती *केव्हा* सांगितली हेही विचारा. हे त्याचं नामी उदाहरण.

औषध दुखण्यावर चालत होतं, पण कसं चालतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिल काढल्यावर ते रुग्णांना चघळायला ॲस्पिरिनयुक्त गोंद देत. जे तो जास्त चघळत त्यांना जास्त रक्तस्राव होई. आपल्यासारख्याने गोंद बंद केला असता आणि विषय सोडून दिला असता! यांच्या मनात उलटा विचार आला. रक्त वाहतं राहतं, तर हृदयाच्या नळीत गुठळी होणंही थांबेल का? १९५० पासून त्यांनी यावर लिहायला सुरुवात केली, १९५६ पर्यंत सुमारे आठ हजार माणसांचा अनुभव मांडला. पण सगळे गोळी घेणारेच, न घेणाऱ्यांशी तुलनाच नाही. त्यामुळे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतःच हृदयविकाराने गेले.

१९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी कोडं सोडवलं. शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज, ताप, वेदना यांचे निरोपे म्हणा ना! ॲस्पिरिन त्यांचं उत्पादनच रोखतं. या कामाबद्दल व्हेन यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. यातली एक खुबी मला फार आवडली. डेंग्यूमुळे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या त्या प्लेटलेट, त्यांच्यावर ॲस्पिरिनचा एकदा शिक्का बसला की तो पुसता येत नाही. त्यांचं आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं, आणि तेवढे दिवस त्या निकामी. म्हणून छोट्या गोळीनेही रक्त पातळ राहतं. आणि म्हणूनच डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन देत नाहीत.

आता आतड्याकडे वळू.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा एका रात्रीत होत नाही. आतल्या अस्तरावर आधी छोट्या अळंबीसारखा उंचवटा येतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांनाही साधारण दहा-एक वर्षं लागतात. ही दहा वर्षं म्हणजे निसर्गाने आपल्याला दिलेली सवड. दुर्बिणीने आत पाहिलं तर पॉलिप दिसतो, आणि दिसला की तिथल्या तिथे काढता येतो. माझ्या दिरांच्या बाबतीत ती सवड केव्हाच संपून गेली होती.

आणि आता मेलबर्न दुसऱ्यांदा! तिथले एक शल्यविशारद गॅब्रिएल क्यून यांनी आतड्याचा कॅन्सर झालेल्या ७१५ जणांना आणि न झालेल्या ७२७ जणांना बसवून प्रश्न विचारले. काय खाता, काय पिता, कुठली औषधं घेता. १९८८ मध्ये त्यांनी लिहिलं की ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी दिसतो. हे शोधायला ते निघालेच नव्हते. १९९१ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या मायकेल थन यांनी ६,६२,४२४ माणसांच्या नोंदी तपासल्या, तिथेही तसंच. वारंवार ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये आतड्याच्या कॅन्सरने मरणारे कमी.

पण थांबा. जो माणूस नेमाने गोळी घेतो तो कदाचित नेमाने फिरायलाही जात असेल, डॉक्टरांकडेही वेळेवर जात असेल. मग श्रेय गोळीचं की नेमाचं? हे ठरवायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी, आणि मग वाट पाहायची. दहा-वीस वर्षं. एवढा धीर कुणाला? ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी एक युक्ती केली. हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी पूर्वी असे प्रयोग झाले होते. त्यांतल्या चौदा हजारांवर माणसांचं पुढे काय झालं, याचा त्यांनी वीस वर्षांनंतर माग काढला. २०१० मध्ये निष्कर्ष आला. ॲस्पिरिनच्या गटात मोठ्या आतड्याचा कॅन्सर सुमारे चोवीस टक्क्यांनी आणि त्यामुळे होणारे मृत्यू पस्तीस टक्क्यांनी कमी. जुनी दप्तरं उघडून नवा इतिहास लिहिणं, ते हेच!

इथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आठवण काढायलाच हवी. १८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी डॉक्टर ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याशी बोलताना ती म्हणाली, की मी लवकरच जाणार, आमच्या घरातली माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात. आणि ती खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिन यांनी तिचं बोलणं 'बाईचं बोलणं' म्हणून सोडून दिलं नाही. तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशाच घराण्यांचा पाठपुरावा केला आणि त्या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. या लोकांवर इंग्लंडातल्या न्यूकॅसलचे जॉन बर्न यांनी प्रयोग केला. ८६१ माणसं, रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी, दोन ते चार वर्षं. २००८ मध्ये हिशेब केला तर फरक शून्य. पण त्यांनी माणसांना सोडलं नाही, पाहत राहिले. २०११ मध्ये फरक दिसू लागला आणि २०२० मध्ये दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा ॲस्पिरिन घेतलेल्यांत नऊ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांत तेरा टक्क्यांना आतड्याचा कॅन्सर झालेला होता. गोळी केव्हाच बंद झाली होती, गुण मात्र वर्षानुवर्षांनी दिसला.

आता त्या निरोपातला दुसरा भाग, 'शरीराचं वय'. तो समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जमेल तसं सांगते.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचं एक पुस्तक असतं. डोळ्याच्या पेशीत, यकृताच्या पेशीत, आतड्याच्या पेशीत, सगळीकडे तेच पुस्तक. मग डोळा डोळ्याचं काम कसं करतो? तर शाळेत जसं आपण मुलांना सांगायचो, 'हा धडा वगळलाय, पेन्सिलने काट मारा', तसं प्रत्येक अवयवाच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांवर काट मारलेली असते. मजकूर तोच, फक्त कुठला वाचायचा आणि कुठला नाही याच्या खुणा निराळ्या. या खुणा म्हणजे डीएनएला चिकटलेले छोटे रासायनिक तुकडे, मिथाइल नावाचे. मजकूर न बदलता होणाऱ्या अशा बदलांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये घडवला, तोही या खुणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

जसजसं वय वाढतं तसतशा या खुणा विस्कटतात. जिथे काट नको तिथे पडते, जिथे हवी तिथली पुसली जाते. पेशीला आवर घालणाऱ्या धड्यावरच काट पडली, तर पेशी बेबंद वाढायला मोकळी. आणि याचे पहिले पुरावे मिळाले तेही आतड्यातच! १९८३ मध्ये अमेरिकेतले फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी दाखवलं की आतड्याच्या कॅन्सरमध्ये शेजारच्या निरोगी भागापेक्षा या खुणा बऱ्याच ठिकाणी कमी झालेल्या असतात. १९९४ मध्ये इसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की *निरोगी* आतड्यातही एका विशिष्ट जागी या खुणा वयाबरोबर वाढत जातात, आणि कॅन्सरच्या गाठींत त्याच जागी त्या ठासून भरलेल्या असतात. म्हातारपण आणि कॅन्सर यांच्यामधला हा एक धागा.

मग २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टीव्ह होर्वाथ यांनी सुमारे आठ हजार नमुन्यांमधून अशा ३५३ जागा निवडल्या, की तिथल्या खुणा मोजल्या तर माणसाचं वय बऱ्यापैकी बरोबर सांगता येतं. याला 'एपिजेनेटिक घड्याळ' म्हणतात. दोन माणसं सत्तरची, पण एकाचं घड्याळ पासष्ट दाखवतं आणि दुसऱ्याचं पंच्याहत्तर, असं होऊ शकतं.

ॲस्पिरिनचा संबंध इथे येतो. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल इथल्या संशोधकांनी तपासणीला आलेल्या स्त्रियांच्या निरोगी आतड्याचे एक हजारांहून जास्त बारीक तुकडे तपासले. ज्या दोन वर्षांहून जास्त काळ ॲस्पिरिन घेत होत्या त्यांच्यात वयाबरोबर होणारी खुणांची वाढ मंद दिसली. धूम्रपान आणि वाढलेलं वजन यांनी ती भरधाव होत होती. त्याआधी २०१२ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की व्हेनसाहेबांच्या त्याच प्रोस्टाग्लॅन्डिनांपैकी एक या काटा मारायला मदत करतं. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लॅन्डिन रोखतं, म्हणून खुणांची पडझडही थोडी थोपवत असेल, असा तर्क मग बसतो.

तर्कच तो. वाढ *मंद* दिसली आणि वय *उलटं फिरलं*, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि त्या स्त्रियांमध्ये चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते. घड्याळाचा काटा मंद झाला म्हणजे आयुष्य लांबलं, हेही त्यातून सिद्ध होत नाही. निरोप लिहिणाऱ्याने एवढं सगळं गाळलं आणि हात जोडलेली चित्रं तेवढी ठेवली!

आता तिसऱ्यांदा मेलबर्न. तिथल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका इथे एक मोठा प्रयोग झाला. १९,११४ माणसं, बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची, धडधाकट. अर्ध्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, अर्ध्यांना खोटी गोळी, सुमारे पावणेपाच वर्षं. २०१८ मध्ये निकाल आला. धडधाकट राहण्याची वर्षं काही वाढली नाहीत. मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनच्या गटात ३.८ टक्के, दुसऱ्या गटात २.८ टक्के. आणि सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे कॅन्सरने झालेले मृत्यू ३.१ विरुद्ध २.३ टक्के, तेही ॲस्पिरिनच्या गटात जास्त! संशोधकांनी स्वतःच सांगितलं की हा आकडा अनपेक्षित आहे आणि जपून वाचायला हवा. पण फायद्याची आशा करावी असं त्यात काही नव्हतं, एवढं नक्की.

तरुणपणी सुरू केली तर फायदा आणि सत्तरीनंतर सुरू केली तर तोटा, असं का? एक विचार असा मांडला जातो, की ॲस्पिरिन पॉलिपच्या अगदी सुरुवातीच्या पायरीवर काम करत असावं, आणि उतारवयात ती पायरी पुष्कळदा मागे पडलेली असते. शिवाय वयाबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतच जातो. अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारांच्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०१६ मध्ये पन्नाशीतल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांना छोटी ॲस्पिरिन सुचवली होती, आतड्याच्या कॅन्सरचाही विचार करून. २०२२ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. साठीनंतर हृदयविकार टाळण्यासाठी नव्याने सुरू करू नका म्हणाले, आणि कॅन्सरबद्दल पुरावा अपुरा आहे म्हणाले.

म्हणजे गोष्ट संपली का? मुळीच नाही. २०२५ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅना मार्टलिंग यांच्या नेतृत्वाखालच्या प्रयोगाचा निकाल आला. आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या गाठी तपासल्या, तर सुमारे सदतीस टक्क्यांच्या गाठींत एका विशिष्ट जनुकसाखळीत बिघाड होता. फक्त अशांना तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली. त्यातल्या मुख्य गटात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ॲस्पिरिनने १४.१ वरून ७.७ टक्क्यांवर आलं. जवळजवळ निम्मं! आपल्या परळच्या टाटा मेमोरियलचाही ब्रिटन आणि आयर्लंडबरोबर 'ॲड-ॲस्पिरिन' नावाच्या अशाच मोठ्या प्रयोगात सहभाग आहे, हे वाचून बरं वाटलं.

सनावळी इथे संपली. तिच्यातून मला दिसलं ते एवढंच, की 'ॲस्पिरिनने कॅन्सर टळतो का?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'कुणाचा, कुठल्या वयात, कुठल्या दोषामुळे होणारा?' असं विचारलं तरच उत्तर मिळतं.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची. हृदयाचा त्रास नाही, घरात माझ्या रक्ताच्या कोणाला हा कॅन्सर नाही. माझ्यासाठी त्या एकोणीस हजार माणसांनी उत्तर देऊन ठेवलंय, मी ही गोळी सुरू करणार नाही. (ज्यांना स्टेंट किंवा हृदयविकारामुळे डॉक्टरांनी ती दिली आहे, त्यांनी मात्र हे वाचून आपल्या मनाने बंद करू नका. तो हिशेबच वेगळा आहे.)

पुतण्याला मी म्हटलं, "बाळा, गोळीचं मागून बघू. तुझ्या बाबांना त्रेपन्नाव्या वर्षी हे आहे म्हणून कळलं, तू सेहेचाळीसचा. आधी डॉक्टरांना हे सगळं सांग." जवळच्या माणसाला ज्या वयात हा कॅन्सर निघाला त्याच्या दहा वर्षं आधीच आपली तपासणी करावी, असा डॉक्टरांचा ठोकताळा असतो. त्याने सांगितलं, कोलोनोस्कोपी झाली. दोन पॉलिप निघाले, तिथल्या तिथे काढले. फोनवर तो हसत होता, मी मात्र बराच वेळ काही बोलू शकले नाही. लिंच सिंड्रोमसाठी रक्ताची तपासणी पाठवली आहे, तिचा निकाल यायचाय. त्यावर त्याच्या गोळीचं काय ते ठरेल.

त्याच्या डॉक्टरांनी त्याला घराण्याची माहिती विचारली. आजोबा, काका, आत्या, कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी? त्याने मला विचारलं. मी आमच्या सासरच्या घराण्याची छापील वंशावळ काढली. नऊ पिढ्या आहेत त्यात. पण सगळे पुरुष. लेकी नाहीतच, आणि सुना 'सौ.' पुढच्या सासरच्या नावापुरत्या. कोण कशाने गेलं याचा कुठे शब्द नाही. सासूबाई सांगायच्या त्यात दोन आत्या 'पोटाच्या दुखण्याने' लवकर गेल्या, एवढंच मला आठवतं. कुठलं दुखणं? किती वर्षांच्या होत्या? ॲन आर्बरच्या त्या शिवणकामवालीला आपल्या घरातलं मरण तोंडपाठ होतं, आणि एका डॉक्टरने ते लिहून घेतलं, म्हणून पुढे कितीतरी घराण्यांतली माणसं वाचली. आमच्या आत्यांचं कोणी काही लिहून घेतलं नाही.

म्हणून आज हा लेख वाचणाऱ्या आमच्या सगळ्या नातलगांना विनंती आहे. तुम्हाला जे आठवतं ते मला कळवा. नाव, नातं, साधारण वय आणि काय झालं होतं ते. 'नक्की माहीत नाही, पण असं म्हणायचे' हेसुद्धा चालेल. माहेरवाशिणींची माहिती आधी पाठवा, तीच सगळ्यात कमी आहे. मी एक नवी वही घातली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर त्या दोन आत्यांसाठी जागा सोडली आहे. त्यांची नावं कोणाला माहीत आहेत का?